उन्हात धरलेली घोंगडी

माळरानावरच्या एका गावात धुळाप्पा नावाचा घोंगडी विणणारा राहत होता. विणून झालेली प्रत्येक घोंगडी तो उन्हात धरी आणि कुठून उजेड येतो ते बघी. उजेड दिसला की तेवढी वीण उसवायची आणि पुन्हा विणायची, हा त्या घराचा रिवाज.

त्याचा एकुलता एक मुलगा बिरू तिशीला आला होता. त्यालाही बाप तसाच बघे. "हात जड आहे तुझा." "एका घोंगडीला महिना लावतोस." "माग सोडून म्हाताऱ्यांशी काय बोलत बसतोस रे?" बिरू कधी उलट बोलला नाही. धुळाप्पाला वाटे, खोट दाखवली की घोंगडी सुधारते, मग माणूस का सुधारणार नाही?

एकदा बिरूने खास बापासाठी घोंगडी विणली. धुळाप्पाने ती उन्हात धरली आणि कोपऱ्यावर बोट टेकवलं. "इथं बघ."

"आप्पा, बाकी कशी झालीय?"

"बाकी नीट असायलाच पाहिजे. त्यात काय सांगायचं?"

बिरूने ती वीण मुकाट्याने उसवली. "माझ्यात काही नाहीच, आप्पा," एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून तो मागावर बसला नाही. जेवण कमी झालं, बोलणं तर बंदच पडलं. पावसाळ्यात ताप आला. वैद्य म्हणाला, "औषध देतोय मी, पण याच्या मनातच उठायचं नाही." आठव्या दिवशी बिरू गेला.

दहाव्याला माळावरचे मेंढपाळ आले. अंगण भरून गेलं.

एकजण म्हणाला, "माझ्या आंधळ्या आईपाशी येऊन बसायचा. थंडी कुठं लागते ते विचारून तिथं जाड विणून द्यायचा."

दुसरा म्हणाला, "आम्ही भाऊ पाच वर्षं बोलत नव्हतो. बिरूने आम्हाला एका ताटात जेवायला बसवलं."

असं एकेक जण सांगत गेला. धुळाप्पा ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"बापाला ठाऊक असणार, असं वाटलं आम्हाला," म्हातारा मेंढपाळ म्हणाला.

"मला राहू द्या. त्याला तरी सांगितलंत का?"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या, आणि सगळ्यांत खाली धुळाप्पाची.

तात्पर्य: आपल्यात काय चांगलं आहे हे कळल्यावाचून माणसाला जगायचं बळ मिळत नाही, म्हणून दुसऱ्याचा गुण दिसेल त्याच दिवशी तो त्याला तोंडाने सांगावा.