पटवेकरणीची चाळण

एका गावात एक पटवेकरीण होती. रेशमाच्या दोऱ्यात मणी ओवायचे, गाठी मारायच्या, कुणाची पोत तर कुणाचं मंगळसूत्र गाठवून द्यायचं, हे तिचं काम. चार गावच्या बायका तिच्याकडे यायच्या, कारण मोजून दिलेले मणी तिच्याकडून मोजून परत मिळायचे. त्यात कधी एकाचीही तूट आली नव्हती.

याचा तिला फार अभिमान होता आणि अभिमान पोटात ठेवायची तिला सवय नव्हती. कुणी विरजण मागायला आलं तरी ती सांगायची, “चाळीस वर्षं ओवतेय, पण या हातून मणी कसा तो सांडलेला नाही!” विरजण न्यायला आलेली बाई मान डोलवायची, कारण तिला विरजण हवं असायचं.

पटवेकरणीचा मुलगा आठवडी बाजार करत गावोगाव फिरायचा. घरी सासू आणि सून दोघीच. सून सासूला आत्याबाई म्हणायची. स्वभावाने गरीब, कामाला वाघ. सकाळ-संध्याकाळ सगळ्या घराचा केर काढायची. दुसऱ्या बायकांचा केर काढून हात धुऊन व्हायचे, तरी हिचं आपलं मागच्या अंगणात काहीतरी चाललेलंच असायचं. “केर काढतेस की केराशी गप्पा मारतेस गं?” असं सासू ओसरीवरून ओरडायची. सून हसायची आणि आत यायची.

बावीस वर्षं असं चाललं. मग एके सकाळी सून केरसुणी घेऊन वाकली, ती तशीच राहिली. पाठ सरळ होईना. वैद्यबुवा आले, तेल दिलं, लेप दिला आणि म्हणाले, “आता केरसुणी विसरायची. वाकणं बंद.”

पटवेकरणीची जीभ तिखट होती, पण सुनेवरची माया खरी होती. तिने पदर खोचून स्वतः केर काढायचा बेत केला. गुडघ्यांनी पहिल्याच खोलीत ऐकायचं नाकारलं. तेव्हा ती उठली आणि तडक बाजारपेठेत गेली, कारण तिने ऐकलं होतं की हल्ली आपोआप केर काढणारा रोबो मिळतो. (गोष्टीतल्या गावात रोबो कुठून आला, असं कुणी विचारू नये. गोष्टीतला पोपट बोलतो तेव्हा कुणी विचारत नाही.)

दुकानदाराने दोन रोबो काढून तिच्यापुढे ठेवले. दोन्ही गोल, दोन्ही काळे, भाकरीच्या तव्याएवढे. एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. पटवेकरणीने उलटेपालटे करून पाहिले. तिला दोघांत काडीचाही फरक दिसेना.

“अहो भाऊ, या तर सख्ख्या जावा दिसतात,” ती म्हणाली. “यातली थोरली कोण आणि धाकटी कोण?”

दुकानदार हसला. “काकू, केर दोघी सारखाच काढतात. फरक पुढे आहे. या थोरलीबरोबर ही उभी पेटी येते. घर झाडून झालं की थोरली पेटीपाशी जाते आणि पोटातला केर आतल्या बंद पिशवीत टाकते. दोन महिने बघायला नको. मग पिशवी काढायची आणि न उघडता फेकायची. धाकटीला पेटी नाही. तिच्या पोटात एक खण आहे, तो रोज हाताने रिकामा करावा लागतो.”

“मग यात विचार कसला करायचा!” पटवेकरीण म्हणाली. “माझ्या सुनेनं आता केराचं तोंडसुद्धा बघायचं नाही. थोरलीच द्या.”

“दोन्ही घेऊन जा,” दुकानदार म्हणाला. “आठ-आठ दिवस वापरा. नको असेल ती परत आणा.”

घरी सुनेने खाटेवरून दोन्ही यंत्रं पाहिली. सगळं नीट ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, “आत्याबाई, मला धाकटी बरी वाटते.”

“का गं?”

“अशीच. केर डोळ्यांना दिसलेला बरा.”

“सुख टोचतं का तुला?” सासू कडाडली. “बावीस वर्षं केर बघितलास, अजून हौस फिटली नाही? गप पडून राहा. आधी थोरली.”

थोरली सुरू झाली. ती खाटेखाली गेली, कणगीमागे गेली आणि कोपऱ्यातल्या कोळ्याला तिने घर सोडायला लावलं. शेजारच्या बायका बघायला आल्या. जिथे पटवेकरीण मणी ओवायला बसायची, तिथली जमीन तर अशी लख्ख झाली की सांडलेला भात वेचून खावा. सून मध्येच एकदा म्हणाली, “आत्याबाई, त्या पिशवीतला केर मी एकदा बघू का?” पण केरात बघायचं काय असतं, म्हणत सासूने तिला पुन्हा आडवं केलं. सुनेच्या पाठीला आराम पडला. पटवेकरीण मनातल्या मनात थोरलीची दृष्ट काढत होती.

पाचव्या दिवशी एक कुंभारीण आली. तिचं मंगळसूत्र वाढलं होतं. सवाष्णीचं मंगळसूत्र तुटलं असं कुणी म्हणत नाही, वाढलं म्हणतात. तिने गळ्यात नुसता काळा दोरा बांधला होता आणि पदराच्या गाठीतून मणी काढून पटवेकरणीच्या ताटलीत मोजून घातले. काळे मणी एकशे बारा आणि पोवळी चार.

“माझ्या सासूबाईंच्या गळ्यातले आहेत,” ती म्हणाली. “या घडणीचे मणी आता मिळत नाहीत. रविवारी आमच्या यांची एकसष्टी आहे. पूजेला बसायचं, तर शनिवारी मला हे गळ्यात हवं.”

“शनिवारी सकाळी ये आणि घेऊन जा,” पटवेकरीण म्हणाली. “आणि काळजी सोड. या हातून मणी कसा तो...”

“सांडत नाही,” कुंभारणीने वाक्य पुरं केलं. ते तिला पाठ होतं.

शनिवारी कुंभारीण सकाळीच येऊन ओट्यावर बसली. पटवेकरीण आत शेवटचे मणी ओवत होती. तिने ओवले, मोजले, पुन्हा मोजले. तिचा चेहरा उतरला. काळे मणी एकशे पाच भरत होते आणि पोवळी तीनच होती. तिने ताटली झटकली, बसकर झटकलं, लुगड्याच्या निऱ्या झटकल्या. जमिनीवर हात फिरवून पाहिला. तिथे धुळीचा कणही नव्हता, मणी कुठून असणार!

चाळीस वर्षांचं नाव ओट्यावर बसलेल्या एका बाईपुढे जाणार होतं. पटवेकरणीला घाम फुटला आणि माणूस घाबरलं की जे करतं तेच तिने केलं. ती दुसऱ्यावर चिडली. सुनेच्या खाटेपाशी जाऊन दबल्या आवाजात म्हणाली, “खरं सांग, माझ्या ताटलीला तू हात लावलास?”

सून उठून बसली. “हो आत्याबाई.”

सासूने कमरेवर हात ठेवले.

“रोज लावायची,” सून म्हणाली. “हे आठ दिवस सोडून. सांडलेले मणी परत टाकायला.”

सून भिंतीचा आधार घेत उठली. तिने उभ्या पेटीतली पिशवी काढली, फडताळामागून एक जुनी पिठाची चाळण काढली आणि दोन्ही सासूपुढे ठेवल्या. “मला वाकता येत नाही,” ती म्हणाली. “तुम्हीच चाळा.”

पटवेकरणीने खाली सूप ठेवलं, पिशवी फाडून चाळणीत रिकामी केली आणि ती चाळू लागली. धूळ खाली पडत गेली. वर केसांचे गुंते राहिले, एक बटण राहिलं आणि मणी राहिले. काळे, लाल, सोनेरी. कुंभारणीचे सात आणि तिचं हरवलेलं पोवळं तर होतंच, पण ते थांबेनात. अमकीच्या पोतीतले, तमकीच्या बाळाच्या मनगटीतले. तिने सगळे एका वाटीत गोळा करून मोजले. आठ दिवसांचे त्रेसष्ट मणी होते.

त्रेसष्ट! मग वर्षाचे किती? बावीस वर्षांचे किती? पटवेकरणीने मनात हिशेब मांडायला घेतला आणि तो तिला झेपेना.

“अगं, मग बोलली का नाहीस कधी?”

“पहिल्या वर्षी बोलायची भीती वाटायची,” सून म्हणाली. “तुम्ही सगळ्यांना सांगत असायचा ना, मणी सांडत नाही म्हणून. मग रोजची सवयच झाली. केर चाळायचा, मणी धुवायचे, दुपारी तुमचा डोळा लागला की ज्याच्या त्याच्या ताटलीत टाकायचे. सांगायचं राहूनच गेलं.” आणि मग सासूचा चेहरा बघून घाईने म्हणाली, “माझ्या आधी नसतील हो सांडत. तेव्हा तुमचे डोळे चांगले होते.”

पटवेकरणीने वाटीतले मणी बोटाने ढवळले. मग म्हणाली, “सांडत असणार. तेव्हा केर माझी नणंद काढायची. तिलाही फार वेळ लागायचा.”

सून हसली. तिने सात मणी आणि पोवळं पदराने पुसून सासूच्या हातावर ठेवलं. “ओवून टाका. कुंभारीणबाई बाहेर आहेत. त्यांना यातलं काही कळायचं नाही. आपण दोघींनी नाही बोललं म्हणजे झालं.”

तिचं खरं होतं. एक गाठ मारली असती की नाव शाबूत राहिलं असतं. पटवेकरणीने मणी ओवले. रेशमाची गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली. मंगळसूत्र घेऊन ती दारापर्यंत गेली. दारात उभी राहिली. मग वळून आली, सुनेचा हात धरला आणि तिला सावकाश चालवत ओट्यावर घेऊन गेली.

“बाई,” ती कुंभारणीला म्हणाली, “तुझे मणी माझ्या हातून सांडले होते. सात मणी आणि एक पोवळं. आजवर सगळ्यांचेच सांडत आले. माझ्या या सुनेनं बावीस वर्षं केरातून वेचून ते परत ठेवले आणि मी तिलाच विचारत होते की केर काढायला इतका वेळ का लागतो. मला आज कळलं. तुला सांगितल्याशिवाय हे तुझ्या गळ्यात घालवेना.”

कुंभारणीने मणी मोजले. एकशे बारा आणि चार. पुरे भरले. तिचे डोळे भरून आले. रिवाजाप्रमाणे तिने पटवेकरणीसाठी खण-नारळ आणला होता. तो पुढे केला, तशी पटवेकरणीने हात मागे घेतला.

“आधी हिची ओटी भर,” ती म्हणाली. “आणि मंगळसूत्रही हिच्याच हातून घालून घे.”

कुंभारणीने सुनेची ओटी भरली. सुनेने तिच्या गळ्यात मंगळसूत्र घातलं. पटवेकरीण उभ्या उभ्या रडत होती आणि रडताना तिला लाज वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने थोरली आणि तिची पेटी दुकानात परत नेली. दुकानदाराला नवल वाटलं. “काकू, केर नीट काढला नाही का हिनं?”

“उत्तम काढला. माझं काही वाकडं नाही तिच्याशी,” पटवेकरीण म्हणाली. “पण ती न दाखवता टाकते. आमच्या घरात बघून टाकायची रीत आहे. धाकटी राहू द्या.”

“तिचा खण रोज रिकामा करावा लागेल हं.”

“माझे हात काय मोडलेत?”

त्या दिवसापासून संध्याकाळी धाकटीची फेरी झाली की पटवेकरीण ओसरीवर चाळण घेऊन बसू लागली. शेजारी सून पाट मांडून चहा पीत बसायची. चाळता चाळता सासू मोठ्याने ओरडायची, “आज पाच!” किंवा “आज अकरा गं बाई, काय हे हात!” आणि दोघी हसायच्या. मुलगा बाजाराला निघाला तेव्हा तिने त्याच्याबरोबर नणंदेच्या गावी एक नारळ आणि लुगडं धाडलं. निरोप एवढाच होता, “वन्सं, मणी पोचले.” नणंदेला तो निरोप बरोबर समजला, असं मुलगा येऊन म्हणाला.

गावाला वाटलं होतं की आता पटवेकरणीकडे कोण जाईल. पण झालं उलटंच. सांडलेलं सांगणारी आणि वेचून देणारी अशा दोघी एका घरात आहेत म्हटल्यावर बायका जास्तच निर्धास्त झाल्या. विरजण मागायला येणाऱ्यांना आता ती नवंच ऐकवायची. “या हातून मणी सांडतात बरं का! पण या घरातून जात नाहीत.”

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला घरोघर केरसुणीची पूजा करतात, तशी तिनेही मांडली. पाटावर जुनी केरसुणी ठेवली, तिच्याजवळ धाकटी ठेवली आणि मधोमध ती पिठाची चाळण ठेवली. तिघींना हळद-कुंकू वाहिलं. मग करंडा हातात घेऊन ती मागे वळली. सून समई नीट करत होती.

“इकडे ये,” पटवेकरीण म्हणाली. “पूजा अजून पुरी व्हायची आहे.” आणि तिने सुनेच्या कपाळाला कुंकू लावून तिला हात जोडले. “अहो आत्याबाई, काय करता हे!” म्हणत सून मागे सरली, पण तोवर नमस्कार पोचला होता.

तात्पर्य: ज्या घरात काही हरवत नाही, तिथे कुणीतरी रोज वेचत असतं. म्हणून आपल्या हाताचा गुण सांगण्याआधी वेचणारे हात शोधावेत आणि त्यांना नमस्कार करावा.