विमान पकडल्याचा दंड

परदेशात कायदा शिकून वर्षभरासाठी घरी परतलेल्या ऋजुताला वाटलं होतं, इथे मोठमोठ्या अन्यायांशी झुंजावं लागेल. प्रत्यक्षात समोर उभे ठाकले विमानतळावरच्या पार्किंगचे ठेकेदार डिंगणकरसाहेब, आणि त्यांनी गाडीच्या चाकाला ठोकलेलं कुलूप.

गाडी दादाची. तो स्वतःच चालवत आला, प्रवेशदारासमोरच्या रांगेत ती लावली, आईने हातावर दही ठेवलं आणि तो कायमचा कॅनडाला निघाला. तो दिसेनासा होईपर्यंत मायलेकी काचेपाशी हात हलवत राहिल्या. उद्यापासून याच गाडीतून ऋजुता पाड्यांवरच्या मुलांना पुस्तकं नेणार होती.

"दंड भरायला मालकालाच पाठवा!" डिंगणकर गरजले. "गाडीतून उतरला, आत गेला, तो परत आलाच नाही. हाच त्याचा गुन्हा!"

"साहेब, ही रांग कशासाठी?"

"प्रवासी सोडायला."

"आणि सोडलेला प्रवासी परत गाडीत येऊन बसला तर?"

"तर विमान चुकेल, बाई!"

"म्हणजे दंड विमान पकडल्याचाच की हो!"

मागचे टॅक्सीवाले खदाखदा हसले. डिंगणकरांनी कुलूप काढलं. डोळे पुसता पुसता आईलाही हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडीत पुस्तकं भरण्याआधी, ऋजुताने वर्षअखेरचं स्वतःचं परदेशी परतीचं तिकीट रद्द केलं. आईला त्या काचेपाशी पुन्हा उभं करायचं नाही, हे तिने ठरवून टाकलं.