गुडघ्यावर विरलेलं लुगडं

एकदा एका गावात एक वृद्धा राहत होती आणि तिच्या घरात कोरे कापड कधी शिरत नसे. लोक जुनी धोतरे, लुगडी, सदरे तिच्याकडे आणून टाकत. ती त्यांतून उशा, गोधड्या, दुपटी, पिशव्या आणि चुलीवरचे भांडे उतरवायची फडकीसुद्धा करून देत असे. सारे गाव तिला आत्याबाई म्हणे. तिच्या हातची गोधडी ज्याच्या घरी आहे, तो ती पाहुण्यांपुढे मुद्दाम उलगडून दाखवी.

आत्याबाईंपाशी कौतिका नावाची एक शिष्या सात वर्षे शिकत होती. तिचा टाका इतका बारीक की आत्याबाईंनाही तो पाहायला उजेडात जावे लागे. कौतिकेला याचा अभिमान होता आणि तो लपवण्याइतकी ती विनम्र नव्हती. तिच्या मनात एकच आस होती. आत्याबाईंच्या बोटातले, सुई टोचू नये म्हणून घालायचे ठिपक्याठिपक्यांचे पितळी अंगुस्तान एक दिवस आपल्या बोटात यावे. या विद्येत तो निरोपाचा मान होता. गुरूने अंगुस्तान दिले की शिष्येने स्वतःच्या नावाने काम घ्यावे.

एके दिवशी शेजारच्या पेठेतला एक धान्याचा व्यापारी गाठोडे घेऊन आला. त्याच्या लेकीला मुलगा झाला होता आणि बारसे चार दिवसांवर आले होते. बाळाच्या अंगाखाली पहिल्यांदा घरातल्या वडीलधाऱ्यांचेच जुने कापड घालायचे, अशी त्या भागातली रीत. म्हणून त्याने आपल्या दिवंगत आईचे कपडे आणले होते.

"एक दुपटं आणि मोहरीची उशी हवी," तो म्हणाला. "यात आईची पैठणी आहे. चांगलं चांगलं तेवढं घ्या. बाकीची अडगळ टाकून दिलीत तरी चालेल. चार प्रतिष्ठित माणसं येणार आहेत, पाळणा उठून दिसला पाहिजे."

तो गेल्यावर आत्याबाई कौतिकेला म्हणाल्या, "हे काम तू एकटीनं करायचं. मी मध्ये बोलणार नाही. मनासारखं झालं, तर अंगुस्तान तुझं."

कौतिकेचे काळीज सुपाएवढे झाले. तिने गाठोडे सोडले. वर पैठणी होती, डाळिंबी रंगाची, पदरावर जरीचे मोर. खाली साधी सुती लुगडी होती, धुऊन धुऊन रंग हरवलेली. त्यांतले एक तर गुडघ्याच्या जागी इतके विरले होते की पलीकडचा हात दिसावा. कौतिकेने ते चिमटीत धरून बाजूला ठेवले. तीन दिवस ती मान मोडून बसली. पैठणीचे दुपटे झाले. उशीवर तिने नेमका मोर मधोमध आणला. टाके असे की शोधून सापडू नयेत. उरलेला वेळ वाया घालवायचा नाही, म्हणून चौथ्या दिवशी सकाळी तिने त्या विरलेल्या लुगड्याची जाड घडी केली, चार उभे-आडवे टाके मारले आणि त्याचे पायपुसणे करून उंबऱ्यापाशी टाकले.

दुसऱ्या दिवशी बारसे. म्हणून त्याच सकाळी व्यापारी वस्तू न्यायला आला. त्याने वहाणा काढल्या आणि पायपुसण्याकडे पाऊल टाकले.

"थांबा शेठ!" आत्याबाई ओरडल्या. "त्याच्यावर पाय देऊ नका."

त्या उठल्या. ते पायपुसणे त्यांनी दोन्ही हातांनी उचलले, झटकले आणि मांडीवर घेऊन पात्याने त्याचे टाके उसवू लागल्या. एवढ्यावर थांबल्या नाहीत. कोपऱ्यात मांडलेली मोराची उशी घेतली आणि तिचीही शिवण सरकन उघडली. मोहरी परातीत सांडली. तीन दिवसांची मेहनत आणि सात वर्षांची आस त्या परातीत पडलेली कौतिकेला दिसत होती.

"अहो आत्याबाई, हे काय चालवलंय?" व्यापारी संतापला. "उद्या बारसं आहे! इतकं सुरेख काम झालं होतं."

"काम सुरेखच आहे. कौतिके, इकडे ये. डोळे मीट."

कौतिकेने डोळे मिटले. आत्याबाईंनी तिच्या गालाला काहीतरी घासले. ते टोचले. ती जर होती, मोराच्या पिसाऱ्याची. मग दुसरे काही गालाला लागले आणि कौतिकेला वाटले, कुणी तळहातच ठेवला. तिने डोळे उघडले. ती लुगड्याची विरलेली जागा होती.

"आता सांग, दहा दिवसांच्या पोराचं डोकं कशावर ठेवायचं?"

कौतिकेची मान खाली गेली. बारीक टाके घालण्याच्या नादात गाल नावाची गोष्ट आपण विसरलो, हे तिला कळले आणि तिला स्वतःची लाज वाटली.

आत्याबाई व्यापाऱ्याकडे वळल्या. "शेठ, मी तुमच्या आईंना कधी पाहिलं नाही. पण हे लुगडं एकाच गुडघ्यावर विरलंय, दुसऱ्यावर नाही. एक पाय लांब आणि एक मुडपून रोज बसणाऱ्या बाईचं असं होतं. आई जात्यावर बसायच्या का?"

व्यापाऱ्याने पुढे होऊन त्या विरलेल्या जागेवर हात ठेवला. पेठेत त्याला कुणी हे कधी विचारले नव्हते आणि त्यानेही कधी सांगितले नव्हते.

"दळणं करायची," तो म्हणाला. "लोकांची. पहाटेपासून. वडील लवकर गेले. मी शेजारी पीठ भरत बसायचो आणि तिच्या त्या गुडघ्यावरच डोकं ठेवून झोपायचो."

"मग त्यांच्या नातीच्या लेकराला दुसरी कुठली उशी शोधता?" आत्याबाई म्हणाल्या. "पैठणी पेटीत राहिली, म्हणून लखलखते. तिचा काही दोष नाही. तिची पाळण्याला झालर करू, लोकांना पाहू दे. पण कापड माणसाबरोबर जिथं राबतं, तिथंच ते मऊ होतं. ज्याच्यावर जीव टेकायचा, ते राबलेलं असावं. कौतिके, तू डोळ्यांनी निवडलंस. आमच्या कामात कापड गालानं निवडायचं असतं."

क्षणभर थांबून त्या पुढे म्हणाल्या, "आणि रडू नकोस. हे कापड इतकं विरलंय की माझ्या जाड टाक्यानं फाटेल. याला तुझाच टाका हवा."

कौतिकेने पदराने डोळे पुसले आणि सुई ओवली. विरलेल्या जागेला तिने आतून दुसऱ्या लुगड्याचे अस्तर दिले. केसासारख्या टाक्यांनी दोन्ही कापडे एकमेकांना धरवली. व्यापारी जागचा हलला नाही. परातीतली मोहरी तो स्वतःच्या हाताने निवडत बसला. दिवस कलायच्या आत उशी झाली आणि मग दुपटेही त्याच लुगड्यांचे झाले, तर पैठणीच्या दुपट्याची पाळण्याला झालर झाली.

बारशाला आत्याबाई आणि कौतिका दोघींना मानाने बोलावणे होते. जरीच्या झालरीचा पाळणा खरोखर उठून दिसत होता. बाळाला त्यात निजवताना एका पाहुण्या बाईने उशी पाहिली आणि हळूच विचारले, "एवढ्या मोठ्या घरात हे फिकं कापड कसलं हो?"

व्यापाऱ्याने ते ऐकले. तो पुढे झाला आणि साऱ्या बैठकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझ्या आईचं लुगडं आहे ते. ती लोकांची दळणं दळायची. जात्यावर बसून बसून गुडघ्यावर विरलंय. आमचं हे सगळं घर त्या गुडघ्यावर उभं राहिलंय आणि त्याला बाळाच्या डोक्याखाली धरून ठेवणारे टाके या मुलीचे आहेत."

मग एकेक म्हातारी उठून पाळण्यापाशी आली आणि त्या कापडावरून हात फिरवून गेली. बाळ गाढ झोपले होते. कौतिका ताठ उभी होती. टाके दिसत नाहीत म्हणून तिला आजवर अभिमान वाटत असे. आज वाटत होता, तो ते कशाला धरून आहेत याचा.

परतीच्या वाटेवर आत्याबाईंनी बोटातले अंगुस्तान काढून तिच्या बोटात घातले. एका बाजूने त्याचे ठिपके पार झिजून गेले होते.

"सुई निसटते त्यावरून," आत्याबाई म्हणाल्या. "नवं घेतलंस तरी चालेल हो."

"राहू द्या, आत्याबाई," कौतिका म्हणाली. "मी सांभाळून घेईन."

आपल्या घरातले जुने कापड पायपुसण्यासाठी काढाल, तेव्हा आधी एकदा ते गालाला लावून पाहा.