बेरीजताईचा ताठा

संगणक नुकते गावोगावी पोचत होते, त्या काळची गोष्ट. मुलींच्या एका वसतिगृहातल्या संगणकात एक तक्ता राहत होता. त्याच्या एकेका चौकटीत एकेका वर्गातल्या जेवणाऱ्या मुलींचा आकडा असे. सगळ्यांत खाली बसे बेरीजताई. तिच्या पोटात एक सूत्र होतं: आधी वरच्या सगळ्यांना विचारायचं, मगच तोंड उघडायचं. स्वयंपाक करणाऱ्या हौसाबाई रोज फक्त तिचा आकडा बघत आणि तेवढ्याच जणींचं रांधत.

बेरीजताईला ताठा चढला. "बाई मला बघतात, तुम्हाला नाही. मी का म्हणून रोज तुमच्या दारात यायचं? चाळीस! पाठ आहे मला."

"अगं शहाणे," पाचवीची चौकट म्हणाली, "उद्या कुणी आलं-गेलं तर?"

"गप गं! माझं कधी चुकलंय?" बेरीजताईने सूत्र भिरकावून दिलं आणि ती नुसता चाळीसचा आकडा धरून बसली.

दुसऱ्याच दिवशी पाचवीत दोघी बहिणी नव्याने आल्या आणि पाचवीच्या चौकटीतला आकडा दोनाने वाढला. जेवणवेळी चाळीस ताटं वाढून झाली आणि पातेली रिकामी झाली. दोघी ताटं घेऊन उभ्याच. धाकटी हळूच म्हणाली, "ताई, आपण यायला नको होतं का गं इथं?"

हौसाबाई डोळे पुसत संगणकापाशी आल्या. "तुझ्यावर विसंबले गं मी!"

बेरीजताईला आता विचारायचं होतं, अगदी हात जोडून. पण विचारायचं ते सूत्रानेच, आणि तेच उरलं नव्हतं. वर पाचवीची चौकट घसा फोडून सांगत होती, "माझ्या दोघी वाढल्यात गं!" आणि तिच्याकडे केविलवाणं बघत बेरीजताई म्हणत राहिली, "चाळीस. चाळीस."