रक्तपेढीचा एकच पत्ता

संगणकांच्या हिशेबाने फार जुनी, म्हणजे दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका रक्तपेढीत तीन सर्व्हर बहिणी राहत. नोंदी तिघींकडे सारख्याच, पण पेढीचा नेटवर्कवरचा पत्ता एका वेळी एकीकडेच असे. तो थोरलीकडे होता. गावातले सगळे दवाखाने त्याच पत्त्यावर विचारत आणि थोरली क्षणात उत्तर देई. तिला त्याचा केवढा तोरा!

एका दुपारी पंखा बंद पडला, थोरली तापली आणि मूर्च्छा येऊन पडली. दर क्षणाला बहिणींना येणारी तिची 'मी जागी आहे' ही खूण तीनदा आली नाही, तेव्हा ठरल्याप्रमाणे मधलीने पत्ता उचलला.

तासाभराने थोरली शुद्धीवर आली आणि कुणाला न विचारता, सवयीने, तोच पत्ता लावून बसली. आता एका पत्त्यावर दोघी!

तेवढ्यात दवाखान्यातून दमयंती सिस्टरनी विचारलं, "ओ निगेटिव्हची पिशवी आहे का?"

"एक आहे ना!" थोरली म्हणाली.

"अगं ताई, ती मी मघाशीच दिली!" मधली ओरडली. "आता सिस्टर दुसरीकडे शोधणारच नाहीत."

थोरली चरकली. तिने तत्क्षणी पत्ता उतरवला. "तूच सांग त्यांना. आणि मी पडल्यापासूनच्या नोंदी मला दे, उतरवून घेते."

मधलीने लगेच चूक कळवली. सिस्टरनी दुसऱ्या पेढीतून पिशवी मिळवली, वेळेत.

संध्याकाळी त्यांचा निरोप आला, "पेशंट बरा आहे. तुमच्या पत्त्यावर कधीही विचारा, उत्तर मिळतंच."

"ताई, हे तुझं कौतुक," धाकटी म्हणाली.

आता पत्त्याविना मागच्या रांगेत उभी असलेली थोरली ताठ मानेने म्हणाली, "आपलं म्हण."