यंदाची झोप माहेरी

गाड्या आपले गुण स्वतःच सांगत आणि दुकानदार गप्प बसत, त्या काळची ही गोष्ट. झिपरोबा नावाचं अस्वल आणि त्याची बायको रेशमाबाई गाडी घ्यायला गेले. अस्वलांची हिवाळ्याची झोप जवळ आली होती आणि यंदा रेशमाबाईला माहेरी झोपायचं होतं. माहेर बर्फाच्या घाटापलीकडे.

"मला घ्या," पहिली गाडी म्हणाली. "माझी पुढची चाकं ओढतात. इंजिनाचं वजन त्यांच्यावरच असतं, म्हणून बर्फात पकड चांगली बसते."

"माझी मागची चाकं ढकलतात," दुसरी म्हणाली. "फक्त मागे कुणीतरी वजनदार बसायला हवं."

"घाई नको," झिपरोबा म्हणाला. त्याने लांडग्याला विचारलं, सशाला विचारलं आणि चाक म्हणजे काय हेही ठाऊक नसलेल्या माशालासुद्धा विचारलं. आठ दिवस गेले. रेशमाबाईला जांभया येऊ लागल्या.

"अहो, कुठलीही घ्या, पण निघू या!"

"थांब, मागची सीट तरी बघतो," म्हणत झिपरोबा दुसऱ्या गाडीत शिरला, आडवा झाला आणि घोरायला लागला.

गाडी हळूच म्हणाली, "वहिनी, वजन आलं."

रेशमाबाईने स्टिअरिंग धरलं. गाडी एकदाही न घसरता घाट चढली.

वसंतात झिपरोबाने सासुरवाडीत एक डोळा उघडला. "माझं अजून ठरलं नाही हं. विचार चाललाय."

"करा, सावकाश करा," रेशमाबाई म्हणाली. "फक्त मागच्या सीटवर बसून करा. घाटात अजून बर्फ आहे."