गळ्यावरचा उलटा हात

एकदा एका व्यापाऱ्याच्या मनात आले की आपला गळा केळीच्या गाभ्यासारखा गुळगुळीत व्हावा. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीचे लग्न होते, आणि श्रीमंताच्या मनात काही आले की त्याची धावपळ भोवतालच्यांना करावी लागते.

तो पेठेतल्या एका वृद्ध नापिताकडे दाढी करायला आला. नापित ज्या ओसरीवर बसे ती व्यापाऱ्याच्याच मालकीची. वृद्धाचा शिष्यही तिथेच काम करी. शिष्य चांगला संसारी गृहस्थ होता. घरी बायको होती, लेकरे होती, आणि त्यांची चूल त्या ओसरीच्या भरवशावर पेटत असे.

व्यापाऱ्याची कातडी भारी नाजूक. मागच्या सणाला दुसऱ्या कुणीतरी घाईघाईने खरडून दिले, तर गळाभर लाल पुरळ उठले होते. म्हणून वृद्धाने कोमट पाण्यात बुडवलेला फडका गळ्यावर ठेवला, केस मऊ होऊ दिले, वस्तऱ्याला धार लावली, आणि केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, अगदी हलक्या हाताने दाढी केली. व्यापाऱ्याने गळ्यावरून बोट फिरवले.

"खरखर लागते अजून. आता उलटा हात मार, केसांच्या वाढीविरुद्ध."

"गळ्यावर उलटा हात मी मारत नाही, शेटजी. केस मुळाशी तुटतात आणि कातडीतच रुततात. उद्या पुन्हा पुरळ उठेल."

"उठलं तर माझ्या गळ्यावर उठेल! तुझं काय जातंय? ओसरी कुणाची आहे, ठाऊक आहे ना?"

"ओसरी आपली. हात माझा."

व्यापारी संतापून शिष्याकडे वळला. "तू मार रे! आजपासून ही जागा तुझी. म्हाताऱ्याला बसव घरी."

शिष्याने मान खाली घातली. पण त्याचा हात वस्तऱ्याकडे गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. पोट कुणाला चुकले आहे?

तेव्हा वृद्धाने एक विलक्षण गोष्ट केली. वस्तरा त्याने स्वतःच शिष्याच्या हाती दिला, व्यापाऱ्याला पाटावरून उठवले आणि त्या जागी बसून आपली हनुवटी वर केली.

"आधी माझ्या गळ्यावर मार," तो डोळे मिटून म्हणाला. "असाच. उलटा."

शिष्याने वस्तरा टेकवला. एकच हात फिरला आणि सुरकुतलेल्या कातडीवर रक्ताचे बारीक ठिपके उमटले. शिष्य थबकला.

"बाबा, मला नाही जमत."

"मग त्यांच्यावर कसं जमणार होतं?" वृद्धाने डोळे उघडले. "हनुवटी वर केलेल्या माणसाला स्वतःचा गळा दिसत नाही. तो आपल्यालाच दिसतो. त्याने काहीही फर्मावलं, तरी इजा कुठे सुरू होते हे फक्त आपल्याला कळतं. तो चिडेल, जागा काढून घेईल. घेऊ दे! आपण झाडाखाली बसू. पण धाकाने चालणारा हात एकदा का गळ्यावर फिरला, की तो कुणाच्याच गळ्यावर भरवशाचा राहत नाही."

"झालं का प्रवचन?" व्यापारी गरजला. "मारतोस, की उठतोस?"

शिष्याने वस्तरा पुसून मिटला. आजवर त्याने शेटजींच्या नजरेला नजर दिली नव्हती, आज दिली.

"शेटजी, आपली दाढी झाली आहे. गळ्याला गार पाणी लावा, आणि उद्या अंगरख्याचा गळा सैल ठेवा. उलटा हात इथे मिळणार नाही. उठतो आम्ही. दोघेही."

गुरुशिष्य वस्तऱ्यांची धोकटी उचलून भर पेठेतून ताठ मानेने चालते झाले. व्यापाऱ्याने पुढे काय केले, ते मला ठाऊक नाही. उलटा हात मारून देणारे पेठेत पुष्कळ मिळतात. त्या संध्याकाळी शिष्याच्या घरी काय शिजले असेल, या विचाराने मात्र माझा जीव अजून कासावीस होतो. आणि तरीही त्याने केले ते योग्यच केले, असेच मी म्हणेन.

ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्यासमोर आपली हनुवटी कधी वर करू नये.